दारातलं तळं, पावणेदोन वर्षांची पोर आणि टाइलवरचा फेस: काय करू?

बेलापूरचा_बाब्या

मंडळी मदत हवीय आणि जरा पटकन हवीय.

आमचं बेलापूरला रो हाऊस आहे, मागे पारसिकचा डोंगर. सासरे रिटायर झाल्यावर हौसेने मागच्या अंगणात तळं बांधून घेतलं, सहा बाय चार फूट, दोन फूट खोल, आतून निळ्या टाइल्स, कडेने जांभ्याचे चिरे जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. कुमुदाच्या दोन कुंड्या आहेत. गोल्डफिश होते ते खंड्याने एकेक करून नेले, आता नुसते गप्पी. संध्याकाळी चहा घेऊन तिथे बसायचं हा सासऱ्यांचा नेम.

मुलगी पावणेदोन वर्षांची, आता चालते कसली, पळतेच. रविवारी मी मागच्या दारात उभा राहून फोनवर बोलत होतो, ती समोरच दिसत होती, आत चहा उतू गेला म्हणून मी वळलो, गॅस बंद केला, परत आलो, किती वेळ गेला असेल, वीस सेकंद? तर ही चिऱ्यावर पालथी, पोटावर तोललेली, दोन्ही पाय हवेत, हात कोपरापर्यंत पाण्यात आणि तोंड पाण्यापासून वीतभर. स्टीलची वाटी पडली होती ती काढत होती. रडणं नाही, ओरडणं नाही, काही नाही. उचललं तर माझ्यावरच चिडली, वाटी राहिली म्हणून.

बायको म्हणाली आजच्या आज बुजव. सासरे म्हणाले बुजवू नका, वाळू भरू, ती सहा वर्षांची झाली की परत उघडू, तोवर वाळूत खेळेल. मला पटलं. सोमवारी पाणी उपसायला मोटर लावणार एवढ्यात टाइलवर, पाण्याच्या वर वीतभर, पांढरट पिवळा फेसाचा गोळा दिसला, मुठीएवढा. आधी वाटलं बाईंनी भांडी घासली त्याचा साबण उडाला असेल. बोट लावलं तर वरून वाळलेला, पापुद्रा आल्यासारखा, आत ओला. हे काय आहे? आणि आता उपसू की नको?

पाणकणीस

उपसू नका!! झाडबेडकाचं घरटं आहे ते. बदामी रंगाचा, मोठ्या डोळ्यांचा, बोटांच्या टोकाला गोल चकत्या असलेला बेडूक रात्री बाथरूमच्या भिंतीवर वगैरे दिसतो ना, तोच. मादी पाण्यावर लोंबणाऱ्या पानावर नाहीतर हौदाच्या भिंतीवर चिकट द्रव सोडते आणि मागच्या पायांनी तो फेटते, अंड्याचा पांढरा बलक फेटतो तसाच. अंडी त्या फेसात. वरचा थर वाळतो, आतला ओलावा राहतो, म्हणजे अंडी सुकत नाहीत आणि पाण्यातल्या माशांच्या तोंडालाही लागत नाहीत. चार-पाच दिवसांत पिल्लं फेसातून सुटून टपटप खाली पाण्यात पडतात. खाली पाणीच नसलं तर टाइलवर पडून मरतील.

पुढे बेडूक व्हायला साधारण दीड-दोन महिने. गप्पी थोडी पिल्लं खाणारच, पण पाण्यात हायड्रिला, म्हणजे पाण्यातलं झुपकेदार गवत, सोडलंत तर लपायला जागा होते, बरीच वाचतात.

रिकामटेकडा

म्हणजे बेडकांसाठी पोरगी दोन महिने तळ्याकाठी खेळवायची? वा. बाब्या, मित्रा, आधी पोर. फेस काढ, तळं बुजव, विषय संपव. बेडकांना पारसिक डोंगर आहे की.

पाणकणीस

पोरीला धोक्यात ठेवा असं मी कुठे लिहिलंय? तळं आजच्या आज बंद करता येतं, त्यासाठी पाणी काढायलाच लागतं असं नाही, एवढंच म्हणणं.

खडीसाखर

मी बालरोगवाली आहे, ठाण्यात. बाब्या, तू जे "आवाज नाही" लिहिलंस ते नीट लक्षात ठेव. सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, वाचवा वाचवा करतो. एवढं लहान मूल यातलं काही करत नाही. डोकं अंगाच्या मानाने जड, पुढे वाकलं की तोल तिकडेच जातो, आणि नाकतोंड पाण्यात गेलं की ओरडायला हवा लागते ती कुठून आणणार. दोन इंच पाणी पुरतं. मिनिटा-दोन मिनिटांत सगळं होतं आणि तू पाच फुटांवर पाठ करून उभा असलास तरी कळत नाही.

म्हणून "आम्ही लक्ष ठेवू" याला मी उपाय धरतच नाही. लक्ष सगळेच ठेवतात, दूध सगळ्यांचंच उतू जातं. आणि फ्लॅटवाल्यांनी हसू नये, आमच्याकडे बागेतल्या तळ्यापेक्षा बाथरूममधली भरलेली बादली आणि गॅलरीतलं पिंप याच्याच गोष्टी जास्त येतात. पाण्याची वेळ सकाळची म्हणून रात्रीच भरून ठेवलेलं असतं.

आणखी एक, कारण लोक नेमकं हेच चुकतात. मूल पाण्यातून काढलं तर उलटं धरून गरगर फिरवायचं नाही, पोट दाबून पाणी काढायचं नाही. वेळ जातो आणि पोटातलं उलटून फुप्फुसात जातं. श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्यायला सुरुवात, मग छातीवर दाब, ३० दाब आणि २ श्वास, थांबायचं नाही, दुसऱ्याने १०८ लावायचा. आणि नंतर मूल रडलं, हसलं, नॉर्मल वाटलं तरी हॉस्पिटलला न्यायचंच, काही तास बघावं लागतं. हे नुसतं वाचून येत नाही, कुठेतरी बाहुलीवर एकदा हाताने करून बघा. सासऱ्यांनाही न्या.

घोडबंदर_लोकल

माझ्या बहिणीने हिरवी नायलॉनची जाळी टाकलीय तळ्यावर, तीनशे रुपयात काम झालं, पानं पण पडत नाहीत आत. तेच करा.

सातभाई

नायलॉन अजिबात नको, हात जोडतो.

पहिलं म्हणजे पोराचं वजन ती पेलत नाही. पोर जाळीसकट आत जातं आणि वर गुरफटतं, म्हणजे नसती तर बरी. दुसरं, मी सापांच्या कॉलला जायचो तेव्हा पावसाळ्यात निम्मे कॉल "जाळीत साप अडकलाय" असे. दिवड असायची बहुतेक वेळा, अंगावर चौकड्या, मासे-बेडूक खाते, विष नाही पण चावरी. ती चौकोनातून डोकं घालते, पुढे सरकते, बेडूक खाऊन मध्ये फुगलेली असते, मग ना पुढे ना मागे, आणि जेवढी ओढते तेवढा दोरा खवल्यांखाली रुततो. नखं कापायच्या कात्रीने एकेक दोरा कापायचा, एका हाताने मान धरून. कल्याण फाट्याजवळच्या एका बंगल्यात अशी एक काढली, तिच्या शेजारीच वाळून गेलेला दयाळ होता, तो कोणी बघितलाच नव्हता.

आणि कोणी हे वाचून स्वतः कात्री घेऊन जाऊ नका. वनखात्याच्या १९२६ ला फोन करा, ते माणूस पाठवतात. दिवड आणि घोणस यातला फरक घाबरलेल्या माणसाला कळत नाही.

रिकामटेकडा

बघा, बेडूक आले की साप आले. मी काय म्हणत होतो.

सातभाई

अहो साप बेलापूरला तळ्याआधीपासून आहेत, सिडकोच्याही आधीपासून. ते उंदरासाठी येतात जास्त, आणि उंदीर आपण टाकलेल्या पोळीसाठी. माशांना पोळीचे तुकडे घालणं बंद करा आधी, पाणी पण नासतं त्याने.

खडीसाखर

+१ उंदरांसाठी. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस तापाचा जंतू, उंदराच्या मुतातून पाण्यात येतो, खरचटलेल्या कातडीतून शिरतो. गुडघे फोडून घेतलेल्या पोरांना तळ्यात हात-पाय घालू देऊ नका, बेडूक हाताळला तरी साबणाने हात धुवा, आणि पावसाळ्यात ताप आला तर डॉक्टरांना "पाण्यात खेळला होता" हे आपणहून सांगा, आम्ही विचारायची वाट बघू नका.

तुर्भ्याचा_वेल्डर

फॅब्रिकेशनमध्ये बावीस वर्षं झाली म्हणून लिहितो. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

जाळी लोखंडाची पाहिजे आणि पाण्याच्या वर पाहिजे. लोक काय करतात, दिसायला वाईट दिसते म्हणून पाण्याच्या खाली दोन इंच बसवतात, मग वर तेवढं पाणी राहतंच, मॅडमनी लिहिलंय दोन इंचाचं. तर पाण्यापासून चार इंच तरी वर. ३५ एमएमचा अँगल चौफेर, त्यात ८ एमएमचे बार दोन इंचाच्या चौकोनात, सगळे जोड वेल्ड, बाइंडिंग वायर नको. सहा बाय चारला वजन पन्नास किलोच्या आसपास जाईल, म्हणून दोन पल्ले करा, प्रत्येकी पंचवीस, मधे एक आडवा सपोर्ट. मोठा माणूस उभा राहिला तरी वाकणार नाही. पोर उचलू शकणार नाही, तरी कडीकोयंडा आणि कुलूप लावाच, किल्ली किचनमध्ये वरच्या खिळ्याला.

काळा ऑइलपेंट मारून देतो असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. खाडीची हवा आहे, दोन पावसाळ्यात पापुद्रे सुटतील आणि ते पाण्यातच पडणार. गॅल्वनाइज करून घ्या, थोडे जास्त जातील. आता हे सगळं ४० मिनिटाचं काम नाही, मला विचाराल तर आठवडा धरा.

बेलापूरचा_बाब्या

दादा हे सोनं लिहिलंत. पण तीन इंचाचा चौकोन नाही का चालणार? मोठे बेडूक कसे जातील? आमच्याकडे पहिल्या पावसात पिवळेधमक बैलबेडूक येतात, एकेक माझ्या पंज्याएवढा.

तुर्भ्याचा_वेल्डर

तीन इंचात पोराचा पाय घोट्याच्या वर जातो. मग बाहेर निघत नाही, फायर ब्रिगेड बोलवा. दोनच ठेवा. बेडकाचं तुम्ही लोक बघा.

ठाणेकर_आजी

माझं वय ७४, नातवाने टायपिंग शिकवलंय, चुका पोटात घाला.

आमच्या माहेरी, ठाण्यात चरईला, वाडीत विहीर होती. तेव्हा ठाण्यात तळ्यांना तोटा नव्हता आणि विहिरी तर वाडीगणिक. आमची विहीर काळ्या दगडाची, आत एका बाजूने पाय ठेवायला खोबण्या, आणि खाली पाण्यालगत एक दगडी कट्टा सुटलेला. पडलेली खार, मुंगूस, एकदा तर शेजाऱ्यांचं मांजर, सगळी त्या कट्ट्यावर जाऊन बसायची, आम्ही वरून टोपली सोडायचो. साठ-बासष्ट साली वडिलांनी वर लोखंडी कांबींचं झाकण केलं, धाकटा भाऊ रांगायला लागला तेव्हा. पण खोबण्या तशाच ठेवल्या. म्हणाले, झाकण आपल्या पोरांसाठी, खोबण्या दुसऱ्यांच्या पोरांसाठी.

तुमच्या तळ्याला निळ्या टाइल्स म्हणालात. त्यावर नख टेकत नाही कोणाचं.

सातभाई

आजींनी मुद्द्यावर बोट ठेवलं. बाब्या, झाडबेडकाला चकत्या आहेत, तो काचेवर पण चढतो. पण साधा खडबडीत भेक, बैलबेडूक, सरडा, चिचुंद्री, खारीचं पिल्लू, यांना ओली टाइल म्हणजे मरण. पोहतात पोहतात, दमतात, बुडतात. सकाळी तळ्यात चिचुंद्री तरंगताना दिसली की लोक म्हणतात मांजराने मारून टाकली असेल.

उपाय फार स्वस्त आहे. एका कोपऱ्यात तळापासून काठापर्यंत जांभ्याचे तुकडे उतरते रचा, पायऱ्या पायऱ्यांसारखे. जांभा खरखरीत असतो, शेवाळ आलं तरी पकड राहते. त्याच्यावर काथ्याची जुनी पायपुसणी टाकली तर उत्तमच. आणि त्या कोपऱ्यात काठाचा एक चिरा काढून तिथे आडवी फट ठेवा, चार इंच रुंद, तीन इंच उंच, पाण्याच्या पातळीच्या जरा वर, जाळीच्या खालून बाहेर निघेल अशी. बैलबेडूक त्यातून ये-जा करतील. फटीच्या आतल्या बाजूला लगेच पाणी नको, जांभ्याचा उतार हवा, म्हणजे पोरीने हात घातला तरी दगडच लागेल.

आयटीवाला_ऐरोली

वाचतोय. एक शंका, डासांचं काय? आमच्या सोसायटीत शोभेचं कारंजं होतं, डेंगीची साथ आली तेव्हा फवारणीवाल्याने येऊन त्यात सरळ काळं तेल ओतलं, दुसऱ्या दिवशी मासे, चतुर, सगळं उताणं.

पाणकणीस

तेलाने पाण्यावर थर बसतो, डासाच्या अळीला वर येऊन श्वास घ्यावा लागतो तो बंद होतो, पण वर येणाऱ्या प्रत्येकाचाच बंद होतो ना. डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस. जित्याजागत्या तळ्यात मासे आणि चतुरांच्या अळ्या त्याला तेवढे दिवस देत नाहीत. खरा धोका तळ्याच्या आजूबाजूला, कुंडीखालच्या बशा, उलटं न ठेवलेलं टमरेल, जाळीवर टाकलेली ताडपत्री आणि तिच्यात साठलेलं पाणी. तरीही अळ्या दिसल्या तर बीटीआय नावाचं जिवाणूंचं औषध मिळतं, ते अळीच्या पोटात गेल्यावर काम करतं, बेडूक-मासे सुखरूप. पण कोषावर चालत नाही कारण कोष काही खात नाही, म्हणून अळ्या बारीक असतानाच टाकायचं.

आणि गप्पी तळ्यातच राहू देत. ओव्हरफ्लोच्या पाइपाला बारीक जाळी लावा, ते बाहेरचे मासे आहेत, पारसिकच्या ओढ्यात गेले तर तिथल्या देशी माशांच्या पिल्लांचं वाटोळं.

तुर्भ्याचा_वेल्डर

ओव्हरफ्लो पाइप आहे ना तुमच्याकडे? तो फार महत्त्वाचा. जुलैमध्ये एका रात्रीत पाणी चार इंच चढलं तर जाळी पाण्याखाली गेली, माझी सगळी मेहनत फुकट.

बेलापूरचा_बाब्या

पाइप आहे, दोन इंची, पण बघितलं तर पानांनी चोंदलेला. साफ केला. धन्यवाद दादा, हे सुचलंच नसतं.

आयटीवाला_ऐरोली

पंप आहे का? वायरिंग बघून घे भावा. ऑनलाइन मिळणारे पाण्यात बुडवायचे पंप २३० व्होल्टचे असतात, सील गेलं की पाणी लाइव्ह. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, लावून घे, नाहीतर १२ व्होल्टचा नाहीतर सोलरवाला घे. जाळी बसली तरी पोर हात घालून पाण्याला शिवेलच.

पाणकणीस

आणि पंपाच्या तोंडाला स्पंज. बेडकाची पिल्लं ओढली जातात आत, कारंज्यातून शेपट्या उडतात. बघवत नाही.

घोडबंदर_लोकल

बहिणीला फोन केला, नायलॉन काढतेय. तिने विचारलंय की पाण्यामुळे बिबट्या येईल का, येऊरच्या जंगलाला चिकटूनच आहेत ते लोक.

मुक्काम_येऊर

बिबट्याला जंगलात पाणी आहे. तो खाली येतो कुत्र्यांसाठी, आणि कुत्री येतात कचऱ्यासाठी. २०१९ ला ठाण्याच्या कोरम मॉलमध्ये शिरला होता तो काय कारंजं बघायला नव्हता आला. बहिणीला सांगा रात्री पाळीव कुत्रा बाहेर बांधू नका आणि पोरांना अंधारात अंगणात एकटं सोडू नका, तळं असो नसो.

आणि कोणी हौसेने कासव सोडायच्या विचारात असेल तर, आपली देशी कासवं पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि दुकानात मिळतं ते कानाजवळ लाल पट्टेवालं अमेरिकन. ते ताटलीएवढं होतं, पोरांना साल्मोनेलाचे जुलाब देऊ शकतं, आणि कंटाळा आला की लोक ते उपवन तलावात नेऊन सोडतात.

बेलापूरचा_बाब्या

अपडेट १: जाळी यायला आठ दिवस लागणार होते. तोवर मागच्या दाराला वरून कडी, जी मलाही चवड्यावर उभं राहून लागते, आणि तळ्याभोवती सासऱ्यांनी घरातली सागवानी फळकुटं ठोकून चार फूट कुंपण केलं, उभ्या पट्ट्या, मधे तीन बोटं फट, आडवी पट्टी फक्त अगदी वर आणि अगदी खाली, म्हणजे मधे पाय देऊन चढता येत नाही. हे त्यांचं स्वतःचं डोकं. बायको अजून "वाळू" म्हणतेय. मी म्हटलं जाळी बघ आणि मग ठरव, तुला नाही पटली तर ऑगस्टनंतर मीच वाळूचा ट्रक सांगतो.

फेसातून काल रात्री पिल्लं पडली. टॉर्च लावून बघितलं. फेस खालून पातळ होतो, एक थेंब लोंबतो आणि थेंबात काळा स्वल्पविराम वळवळत असतो, मग टप. आम्ही तिघं अर्धा तास उकिडवे बसलो होतो, मी, बायको, सासरे. पोर झोपली होती.

ठाणेकर_आजी

वाचून बरं वाटलं. एक सांगायचं राहिलं, गणपती जवळ आले. घरचं तळं आहे म्हणून त्यात विसर्जन करू नका हो. शाडूचा असला तरी माती विरघळून तुमच्या पिल्लांच्या कल्ल्यात बसेल, आणि रंग कसला असतो देव जाणे. आम्ही पिंपात करतो आणि ती माती जास्वंदीला घालतो. पिंप त्याच दिवशी रिकामं करायचं, डॉक्टरबाई ओरडायच्या आत.

खडीसाखर

😀 ओरडणारच.

बेलापूरचा_बाब्या

अपडेट २, उशीर झाला, सॉरी. जाळी बसून दीड महिना झाला. साडेसात हजार गेले गॅल्वनाइज धरून. पहिल्या दिवशी बायको त्यावर उभी राहिली, मग उडी मारली, मग सासऱ्यांना उभं केलं, मग म्हणाली ठीक आहे. वाळूचा विषय त्यानंतर निघालेला नाही पण फळकुटांचं कुंपण तिने काढू दिलेलं नाही, आणि मलाही ते आता काढावंसं वाटत नाही.

जांभ्याचा उतार केला. दुसऱ्याच सकाळी पायपुसणीवर भेक बसलेला, जणू त्याच्यासाठीच अंथरली होती. फटीतून बैलबेडूक येताना अजून दिसला नाही, आवाज मात्र आतून येतो, म्हणजे जातोय कुठूनतरी.

कुमुदाची एक कळी चौकोनातून वर आली आणि वरच उमलली, आता मिटली तरी खाली जाता येत नाही तिला, अडकलीय. कुंडी सरकवावी लागणार.

आणि परवा रात्री जाळीवर नखाएवढे सात बेडूक होते, दोघांना अजून शेपटीचं टोक बाकी. पोरीला कडेवर घेऊन दाखवले. तिने वाकून बराच वेळ बघितलं आणि मग बोट दाखवून म्हणाली, "वाटी". वाटी अजून तळाशीच आहे. सासरे म्हणतात असू दे, पिल्लं तिच्याखाली लपतात.

घोडबंदर_लोकल

वेल्डरदादा, बहिणीचं तळं पाच बाय पाच आहे आणि गोल कोपऱ्याचं आहे. माप घ्यायला ठाण्याला येता का?

तुर्भ्याचा_वेल्डर

गणपतीनंतर. गोलाला वेळ लागतो.